फुली नसलेली दोन अंडी

शहागड,
दि. ९ जानेवारी २०२६

चि. प्रियदर्शनीस,

आईचा सप्रेम जयभीम. आम्ही इकडे खुशाल. तुमच्या पोलीस ट्रेनिंगवाल्यांनी फोन जमा करून घेतले, म्हणून ही सातवी पास बाई पंचवीस वर्षांनी पत्र लिहायला बसली आहे. अक्षराला हसू नकोस.

आपल्या बचत गटाला अंडी उबवायचं मशीन मिळालं. ते कोणाच्या घरी ठेवायचं यावरून भांडणं झाली. शेवटी अध्यक्षा सगुणाबाईंनी ठरवलं, की प्रत्येकीने आपली खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवावी आणि पिल्लं किती निघणार ते आधी सांगावं. जिचा आकडा बराबर, तिच्या घरी मशीन. प्रियू, मला ते पाहिजे गं. वीस वर्षं दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला, आता आपल्या पडवीत आपलं काम करावं वाटतं.

म्हणून दोन तारखेला ढवळी बसवली. माझ्या आईच्या रीतीनं एकेका अंड्यावर कोळशाची फुली मारून खाली ठेवलं. आज सातवा दिवस. तू शिकवलंस तसं भरदुपारी धान्याच्या खोलीचं दार लावून, खिडकीला गोधडी अडकवून अंडं बॅटरीवर धरलं. काय सांगू बाई! आत पिंपळाच्या पानासारख्या लाल शिरा. तुझे बाबा बाहेरून विचारत होते, आत भूत पाहिलंस का म्हणून. दहा अंड्यांत शिरा दिसल्या, पाच नुसती पिवळी. मी तेराच ठेवल्याचं आठवत होतं, भरली पंधरा. माझं गणित तुला ठाऊकच आहे. ती पाच टाकून देऊ का? जल्दी कळव.

लोभ आहे तो उबेला ठेव.

तुझी आई

ट्रेनिंग सेंटर,
दि. १३ जानेवारी २०२६

ती. आईस,

सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र खोलीतल्या मुलींना वाचून दाखवलं. रोज पहाटे पळून पळून आम्ही अर्धमेल्या झालोत, पण आज पोट धरून हसलो. तृप्ती विचारते, बाबांच्या भुताचं पुढे काय झालं?

आता कामाचं. सातव्या दिवशी शिरा नाहीत म्हणजे अंडं वांझ. पाचही बिलकुल ठेवू नकोस, सडून फुटली तर चांगली अंडीही जातील. सगुणाबाईंना ठणकावून दहा सांग. मी कोंबडीपालनाच्या कोर्समध्ये शिकले आहे, शंका नको. आणि पुढच्या वेळी बोटांवर मोज!

बाबांना जयभीम. माझ्यावरची माया पत्रागणिक वाढू दे.

तुझी प्रियू

शहागड,
दि. १८ जानेवारी २०२६

चि. प्रियूस,

सप्रेम जयभीम. पत्र काल मिळालं, पण तुझं शहाणपण पोचायच्या आधीच मी माझं करून बसले होते. तू लिहीत होतीस त्याच दिवशी ती पाच पुन्हा पाहिली. तीन अंड्यांवर फुली होती, दोनांवर नव्हती. म्हणजे मी तेराच ठेवली होती! ही दोन आपल्या दुसऱ्या कोंबडीनं, काळीनं, मागाहून टोपलीत शिरून घातली. फुलीची तीन तशीच पिवळी, ती टाकली. पण या दोन्हींत शिरा फुटल्या होत्या. नऊ तारखेला त्या दहांत होत्या, बराबर तेवढ्याच. म्हणजे चार दिवस मागं.

मंग काल संध्याकाळी मी गटात सांगितलं, तेवीसला दहा आणि सत्तावीसला दोन. साऱ्या बाया हसल्या. सगुणाबाई अंडं कानाला लावून ओळखणाऱ्या. त्या म्हणाल्या, कोंबडी काय हप्त्यानं पिल्लं देती का, एकच आकडा सांग. तुझा दहा माझ्या ओठावर आला होता. पण डोळ्यांनी पाहिलेलं नाही कसं म्हणू? बारा सांगितले. आता काळजी एकच. ढवळी दहा पिल्लं घेऊन उतरली की ती दोन गार पडतील.

तिकडून थोडी ऊब पाठव.

तुझी आई

शहागड,
दि. २८ जानेवारी २०२६

चि. प्रियूस,

सप्रेम जयभीम. तेवीसला दहाच्या दहा निघाली आणि दुसऱ्या दिवशी ढवळी सारी पलटण घेऊन उकिरड्यावर गेली. बाबांनी त्या दोन अंड्यांसाठी खोक्यात बल्ब लावला, मी पाण्याची वाटी ठेवली. पण लाइटचा काय भरवसा? सव्वीसला ती सकाळपासून गेली. मी दोन्ही अंडी ओच्यात पोटाशी धरून झेंडावंदनाला उभी राहिले. जागेवरून हलले नाही. सगुणाबाईंनी ते पाहिलं.

काल दुपारी एक फुटलं. दुसरं काही केल्या हलेना. सगुणाबाई खोक्यापाशी येऊन बसल्या, चहासुद्धा घेतला नाही. चार वाजता तेही बाहेर आलं, ओलं आणि ओरडत. मी रडले, लपवत नाही. सगुणाबाईंनी स्वतः मशीन माझ्या पडवीत आणवलं आणि जाताना हळूच म्हणाल्या, ती बॅटरी कशी धरायची ते मला बी दाव. प्रियू, तू अंगावर वर्दी घालशील तेव्हा मला होईल तेवढा आनंद काल मला माझाच झाला.

ती दोन पिल्लं बाकीच्यांहून बारीक आहेत, पण दाणे टिपण्यात पुढं. सुट्टीत आलीस की आधी त्यांच्यासमोर कान धर, मग जेवायला बस.

माया आहेच, पुढेही राहू दे.

तुझी आई,
बेबीनंदा (गावात आता मशीनवाली)