वाजला तरी न उचलायचा फोन

कळमनुरी,
ऑक्टोबर २००७

ती. सत्यशीलाताईस,

गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे उभ्याउभ्याच नमस्कार. तुझा रक्तदाब आणि तुझी सून पुनम, दोघं काबूत आहेत ना? (उत्तर पत्राने दे. गेल्या दिवाळीला तू मोबाईल पाठवलास आणि तुझी पत्रं थांबली. फोनवर तू ‘जेवलीस का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणते, संपलं. चार पानांची बहीण होतीस, आता दोन शब्दांची झालीस.)

तर तो मोबाईल परत घेऊन जा. शेजारची मेंढ्यावाली शालूबाई तुला आठवत असेल. त्यांच्या घरात एकच मोबाईल, तो तिचा नवरा दगडोबा माळावर नेतो. म्हणून तिने मला न विचारता माझा नंबर त्याला देऊन टाकला. पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी फोन वाजला, मी उचलला. हाक आली की ओ द्यायची, हे हैदराबादच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी छडीने शिकवलंय. कोण बोलतंय, असं मी स्वच्छ आवाजात विचारलं. पलीकडे मेंढ्यांची बें-बें. मग घोगरा आवाज, “कोन गेलं?”

कोणी गेलं नाही, हे सांगेपर्यंत तो मेंढ्या टाकून घराकडे पळत सुटला होता. मेंढ्या विश्वंभररावांच्या कपाशीत शिरल्या. दगडोबा धापा टाकत आला तर शालूबाई दारात ज्वारी पाखडतेय; त्याच्यामागून शिव्या देत विश्वंभरराव. शेवटी सगळे माझ्याकडे वळले.

“बाई, तुमी उचलला काहून?” शालूबाई म्हणाली. “वाजून बंद व्हऊ द्यायचा. वाजला म्हंजे मानूस खुशाल, येऊन राहिला, भाकर टाका. उचलला म्हंजे घरी काईतरी वंगाळ.”

कंपनीची माहितीपुस्तिका मी अथपासून इतिपर्यंत वाचली आहे. त्यात सापाचा खेळसुद्धा आहे (आपलंच शेपूट चावून मरायचं, याला खेळ म्हणतात), पण ही रीत नाही. ती माळावरच्या माणसांनी शोधली, आणि मला कोणी सांगितली नाही.

आता रोज फोन वाजतो, मी हात पदरात गुंडाळून बसते, आणि बंद झाला की भिंतीवरून ओरडते, टाक भाकर. निवृत्त मुख्याध्यापिकेचं हे काम. काल वाजायला उशीर झाला तर माझाच जीव खालीवर. वास्तविक त्या मेंढ्यांशी माझा संबंध काय?

तेव्हा मोबाईल ने, आणि पत्र लिही.

तुझी,
यशोदा

ता. क. मोबाईल इतक्यात नेऊ नकोस. शालूबाईची भाकर अडेल.

पुन्हा ता. क. लिहिताना तुझा हात थरथरतो, हे मला आत्ताच पुनमकडून फोनवर कळलं. तू का नाही सांगितलंस, हे भांडण वेगळं. संध्याकाळी तुझी देवपूजा झाली की एकदा फोन वाजव आणि बंद कर. मी उचलणार नाही.