काठावरचं माणूस

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो. उठताना टेबल धरावं लागलं.) गुडघे काय म्हणतात? कुंडीतल्या झाडाशी बोलतेस असं कानावर आलं. ते उलट उत्तर द्यायला लागलं की कळव. "इकडे राहायला ये" असं मी या पत्रात एकदाही लिहिणार नाही. "हे गेल्यापासून मला एकटीची सवय झालीये" हे तुझं उत्तर ऐकून ऐकून कान किटले माझे.

तर झालं असं, की माझा उजवा हात थरथरायला लागलाय. घड्याळजीचा हात थरथरणं म्हणजे आचाऱ्याची चव जाणं. बारीक स्क्रू चिमट्यातून उडतो आणि मग मी आणि तुझी भावजय जमिनीवर रांगत तो शोधतो (शेजारी बघायला येतात). मुलगा म्हणाला, दुकान बंद करा. नात म्हणाली, "आजोबा, माझ्या क्लासला चला." ती एका श्वासात खोल बुडी मारायला शिकते. पाठीवर नळकांडं नाही, काही नाही. छातीत मावेल तेवढी हवा घ्यायची आणि दोरीच्या कडेने खाली जायचं, पार उजेड संपेपर्यंत. तिथली मास्तरीण वयाने पोरसवदा, पण दरडावते हेडमास्तरांसारखी. म्हणाली, "आजोबा, छाती धडपडायला लागली म्हणजे हवा संपली असं नाही. भीती दार वाजवत असते. भांडू नका तिच्याशी. खांदे सैल सोडा, जबडा सैल सोडा." मी कवळी काढून तिच्या हातात दिली. तेवढं नको होतं म्हणे.

हाच धडा मी दुकानात गिरवला. डोळ्याला भिंग, मान खाली, श्वास बंद, खांदे सैल. तेवढ्यात शेजारचे औषधवाले आले. त्यांनी हाका मारल्या. मी कशाला श्वास मोडतोय? त्यांनी टेबलावरची घड्याळाची काच उचलून माझ्या नाकाखाली धरली. काचेवर वाफ येईना. "गेले हो!" म्हणून त्यांनी जी बोंब ठोकली, ती ऐकून तुझी भावजय बाहेर आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवायच्या वेळेला उठतील," आणि आत गेली. औषधवाल्यांनी मग पाठीत असा गुद्दा घातला की भिंग त्यांच्याच खिशात जाऊन पडलं. पण ताई, तोवर स्क्रू बसला होता. हात हलला नव्हता.

आणि ती शांतता माझ्या ओळखीची निघाली. आठवतं ना खाणीतलं तळं? पोटाशी दगड धरून मी तळाला बसायचो. वर हिरवा उजेड, आणि त्या उजेडात लोंबणारे तुझे पाय. तुला पोहता यायचं नाही, तरी माझा सदरा मांडीवर घेऊन काठावर बसायचीस. उशीर झाला की पाण्यावर थापा मारत ओरडायचीस, "मेलास का रे?" मी वर येऊन "नाही!" म्हणायचो, की बसलाच धपाटा. तेव्हा मला वाटायचं, दम माझ्या छातीत आहे. आता कळतंय, तुझे पाय दिसायचे म्हणून मी खाली बसू शकायचो.

प्रकृतीस जप.

तुझा, अजून न बुडालेला,
धाकटा

ता.क. तुझी भावजय म्हणते, खरं काय ते लिहा. बरं. मी बुडी मारतो तिथे पाणी कमरेएवढं आहे.

आणखी एक ता.क. मास्तरणीचा नियम असा, की एकट्याने पाण्यात उतरायचं नाही. काठावर लक्ष ठेवणारं आपलं माणूस पाहिजे. पोहणारा शिट्टीवाला तिथे आहेच, मला ओरडणारं हवंय. भावजयीला बसवून पाहिलं, ती डुलक्या घेते. खिडकीजवळची खोली नातीने रिकामी केलीय. कुंडीला ऊन मिळेल. "राहायला ये" असं मी कुठेही लिहिलेलं नाही, नीट बघ. एवढंच, की "मेलास का रे" हे फोनवरून विचारून भागत नाही. पाण्याखाली ऐकू येत नाही ताई, पाय दिसावे लागतात.