सोळाव्या समीकरणातलं चिन्ह

सर, तुम्ही असतात तर आपल्या गावी, खटकचिंचोळीला येऊन हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली असती का, मला माहीत नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, म्हणून लिहिते आहे.

दहावीत तुम्ही मला फळ्यापाशी बोलावलं होतं. उत्तर जुळलं, आणि तुम्ही डस्टर घेऊन सगळं पुसलंत. मी म्हणाले, "सर, उत्तर बरोबर हाय की." "व्हय, हाय. पर दोन जागी चुकलीस म्हून बरोबर आलंय. पुन्हा कर." मला रडू फुटलं. "रडायलीस कामून? फळा मोकळाच हाय." त्या संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात तुमच्या पत्नीनं, आमच्या अक्कांनी, मला भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली, आणि तेच गणित तुम्ही माझ्याकडून तीनदा करून घेतलंत. बारावीनंतर माझे वडील, अप्पा, मला त्यांच्या दुकानात बसवायला निघाले, तेव्हा तुम्हीच येऊन गल्ल्यासमोर उभे राहिलात. "पोरीला कामून अडवायलाव?" एवढंच बोललात. अप्पा वरमले, आणि मी बिदरच्या कॉलेजात गेले.

आता मी बेंगळुरूत शिकवते. पदार्थ खूप थंड केला की त्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांशी कसे वागतात, ते कागदावर शोधणं हे माझं काम. एका पातळ स्फटिकात ते जोड्या करतात, असं मी एका लेखात दाखवलं होतं. त्याच लेखावर मला ही नोकरी मिळाली. यंदा माझी एक विद्यार्थिनी, आपल्या बिदरकडच्या चिटगुप्प्याची, त्याच लेखाचे कागद घेऊन आली. "मॅडम, सोळाव्या समीकरणात अधिक कसं आलंय? उणे पाहिजे की." माझी बढतीची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. "इतकी वर्षं लोक वाचायलेत, आन् तुलाच दिसलं व्हय? आधी स्वतःचं तपास," मी म्हणाले. तिनं कागद गोळा केले. त्यानंतर ती आपणहून आली नाही.

मी दाराला कडी घालून तेच गणित पुन्हा पुन्हा करत बसायचे. उणे घातलं की जोड्या बनतच नव्हत्या. कुठूनही सुरुवात करा, नव्हत्याच. आणि तिच्या प्रबंधाची दोन प्रकरणं जोड्या बनतात याच निष्कर्षावर उभी. पाचव्या दिवशी तिला बोलावलं. ती दारातच थांबली. "तुझंच बरोबर हाय," मी म्हणाले. तिला आनंद झाला नाही. "मग माझ्या प्रबंधाचं काय, मॅडम? घरी काय सांगू?" त्याच दुपारी मी लेख मागे घेत असल्याचं नियतकालिकाला कळवलं, आणि मुलाखतीत समितीलाही सांगितलं. बढती थांबली. तिचं प्रबंधाचं एक वर्ष वाढलं. योग्य गणित आता ती मांडते आहे, ते तिच्या एकटीच्या नावानं छापलं जाईल. ती माझ्याशी नीट बोलते, पण कागद टेबलावर ठेवते आणि एक पाऊल मागे सरून उभी राहते.

समितीतल्या एकांनी विचारलं होतं, "ही चूक तेव्हा तुम्हाला दिसली नव्हती?" मी नाही म्हणाले. सर, लेख छापायला पाठवायच्या दिवशी सकाळी त्याच अधिक चिन्हावर माझं बोट थांबलं होतं. आलेख सुरेख आला होता, मी पान उलटलं. सगळे मला प्रामाणिक म्हणायलेत, आणि मी ऐकून घेते. त्या विद्यार्थिनीलाही हे सांगितलेलं नाही. मघाशी ती आत आली, तेव्हा हा पत्राचा कागद मी वहीखाली सरकवला.