अण्णांची टकटक

मिरजगाव, शनिवार

प्रिय आईस,

सुवार्ताचा प्रेमाचा सलाम. प्रभूच्या कृपेने मी बरी आहे. शाळा, खोली, सगळं ठीक. सावेडीत थंडी पडली का? गुडघ्याला लावायचं तेल आहे ना?

काल इथल्या मंडळीची उपास-प्रार्थना झाली. अण्णांनी आपल्या चर्चमध्ये घातलेली पद्धत मी इथेही सुरू केलीय. एकेकाने आत तासभर प्रार्थनेला बसायचं आणि तास संपला की आतून दारावर दोनदा टकटक करायची. पुढचा माणूस आत आल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

मी दुपारी दोनचा, अण्णांचाच तास घेतला. पुढे वेदीपाशी गुडघे टेकले होते. तेवढ्यात माझ्यानंतर पाळी असलेल्या सगुणामावशी दार ढकलून आत आल्या. म्हणाल्या, "तू वाजिवलं म्हनून आले."

आई, मी दाराजवळ गेलेच नव्हते.

तुला एक सांगायचं राहिलंय. अण्णा गेले त्या शुक्रवारी त्यांच्यानंतरचा तास माझा होता. मी वेळेवर पोचले असं तुला म्हणाले, ते खोटं होतं. उपास सोसवेना म्हणून मी स्टँडवर चहा-खारी खात बसले आणि अर्धा तास उशिरा गेले. अण्णा आत दाराशीच पडले होते.

माझी काळजी करू नकोस, मी वेळेवर जेवते. फक्त वर्गाच्या दारावर कुणी टकटक केली की मनात येतं, अण्णांनी किती वेळ वाजवलं असेल?

तुझीच,
सुवार्ता