थैलीवरचं ‘उघडले’

६ मार्च, गुरुवार

आईनं आज थैली उघडली. माझी थैली!

कारखान्यात सकाळपासून चौघींनी खटपट केली होती, कोणाला जमलं नव्हतं. म्हणून मी ऐटीत घरी घेऊन आले. आईनं उलथनं गॅसवर तापवलं, चिकटपट्टीखाली हळूच सरकवलं, आणि आतला कागद माझ्या हातात दिला. मग पट्टी पुन्हा दाबून बसवली. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"याचाच पगार देतेत का तुले खुशालभाऊ?" म्हणाली.

रात्री जेवले नाही नीट. दोन महिन्यांचं काम. पतसंस्थेची रोकड आणि त्या शिक्षण न्यासाच्या प्रश्नपत्रिका या थैल्यांतून जाणार. आजवर कापडी पिशवी आणि लाखेचं सील होतं. लाख काय, तापवली की परत लावता येते. त्याच्यावर उपाय म्हणून तर माझी थैली. आणि ती उलथन्यानं उघडते.

१२ मार्च, बुधवार

नवा गोंद मिळाला. उष्णता लागली की पट्टीत लपवलेली अक्षरं वर येतात. ओढून काढली तरी येतात. एकदा आली की जात नाहीत.

व्यापाऱ्याकडची तयार पट्टी इंग्रजी शब्दाची होती. मी नको म्हटलं. थैली कोण नेतं? शिपाई, ड्रायव्हर. त्यांना वाचता आलं पाहिजे. ‘उघडले’ — एवढाच शब्द, पट्टीभर ओळीनं. कारखान्याचे मालक खुशालभाऊ म्हणाले, "मराठीत पायजे तं मराठीत करू. तू मालकीण या थैलीची." मशीनवरच्या अंजनाबाई हसल्या. बारा जणींचा आमचा कारखाना, इतकी वर्षं बियाण्याच्या पिशव्याच केल्या. आता काहीतरी डोक्याचं काम आलंय म्हणून सगळ्या खुशीत आहेत.

२१ मार्च, शुक्रवार

बर्फात ठेवली. रॉकेल लावलं. नेलपॉलिश काढायचं औषध लावलं. सुई घातली. नुसत्या हातानं तर पट्टी उचलतच नाही, थैलीच फाटते. आईला परत दिली. उलथनं लावताच अक्षरं डोळ्यासमोर आली. "आता बराबर," म्हणाली.

उन्हाची तपासणी पंचेचाळीस अंशांपर्यंत झाली. त्याच्या वर आपल्या भट्टीचा भरवसा नाही. नागपूरला पाठवायची तर पंधरा दिवस, आणि माल पाच तारखेला द्यायचा आहे. खुशालभाऊ म्हणाले, "पंचेचाळीसच्या वर थैली काय चुलीत ठेवतेत का लोकं?" तपासणीच्या कागदावर ‘उष्णता — योग्य’ लिहिलं. सही केली.

५ एप्रिल, शनिवार

माल गेला. घरी येऊन दुपारभर झोपले.

२१ एप्रिल, सोमवार

आज कारखान्यात समोसे आले. आपल्या थैलीनं चोर पकडला म्हणे!

काल न्यासाची वसतिगृह-प्रवेशाची परीक्षा होती. मुलचेऱ्याच्या केंद्रावर सकाळी थैली पोचली तर पट्टीवर ‘उघडले’. परीक्षा रद्द. थैली नेणारा शिपाई, मुखरू त्याचं नाव, ताब्यात. शनिवारी संध्याकाळी पोचला तेव्हा केंद्राला कुलूप लागलं होतं, म्हणून थैली रात्रभर स्वतःच्या घरी ठेवली. आणि त्याचीच मुलगी परीक्षेला बसणार होती. दहावीतली दुर्गा.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा हसले. खोटं का लिहू, छाती भरून आली होती.

२४ एप्रिल, गुरुवार

थैली ओळखून सही द्यायला मुलचेऱ्याच्या पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. साडेचार तास एसटीत. खिडकीची सळई हातात धरवत नव्हती.

थैली माझीच. नंबर जुळला. अक्षरं सगळ्या पट्टीवर आली होती, डाव्या कोपऱ्यात जास्त गडद. बाकी कुठं कापलेलं नाही, टोचलेलं नाही. आतल्या प्रश्नपत्रिका मोजून बरोबर भरल्या.

मुखरूभाऊंना तिथंच बाकावर बसवलं होतं. पन्नाशीचे, वाळलेले. न्यासाचा एक साहेब मला म्हणाला, "कबूल केलं त्यानं. तुमची थैली एक नंबर." मला ऐकायला बरं वाटायला हवं होतं. मी मुखरूभाऊंना विचारलं, "कशानं उघडली?"

"हातानं."

"हातानं कशी?"

"अशी... ओढली बाई." हवेत हात हलवून दाखवला. "तुमची थैली बराबर आहे. तुमची काई चूक नाई. मीच खोलली."

हातानं उघडत नाही ती. मला माहीत आहे, एकवीस जणांनी ओढून पाहिली आहे. या माणसानं ती उघडलेलीच नाही. कशी उघडायची हेच त्याला ठाऊक नाही.

गालावर वळ होता. त्याबद्दल मला विचारता आलं नाही.

परतीच्या गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, कोणी वारलं का घरी.

२६ एप्रिल, शनिवार

मुखरूभाऊ थैली घेऊन ज्या जीपनं गेले, तिच्या ड्रायव्हरला फोन लावला. पोचू त्याचं नाव. म्हणाला, त्या शनिवारी आष्टीजवळ टायर फुटलं, तीन घंटे गाडी उन्हात उभी. मुखरूभाऊ थैलीची पेटी सोडून सावलीतही आले नाहीत, गाडीतच बसून राहिले.

"पेटी कशाची होती?"

"पत्र्याची न. दुसरी कशाची राह्यते?"

एक थैली पत्र्याच्या पेटीत घालून खुशालभाऊंच्या बंद गाडीत ठेवली. बाहेर शेहेचाळीस. दोन तासांनी पेटी रुमालानं उघडावी लागली.

‘उघडले उघडले उघडले.’

कोणी हात लावला नव्हता.

माझ्या पट्टीवर अक्षरं सगळीकडे सारखी फिकट आली. त्या थैलीवर डावीकडं गडद होती. तिथं पत्रा जास्त तापला असेल.

२७ एप्रिल, रविवार

दुसरी थैली ठेवली. पुन्हा तेच.

२८ एप्रिल, सोमवार

खुशालभाऊंना दाखवलं. त्यांनी पट्टी उजेडात धरून पाहिली. मग केबिनचं दार लावलं.

"रिना, त्यानं तं कबूल केलं न?"

"मारलं असंल त्याले."

"तू पाह्यलं का मारताना?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पतसंस्थेच्या सगळ्या शाखा याच थैल्या वापरून राह्यल्या. हे बाहेर गेलं तं उद्या कुलूप लावा लागन. अंजनाबाईच्या घरी तिच्याशिवाय कमावणारं कोणी नाई. तुले माहीत आहे."

माहीत आहे. म्हणूनच तर काही बोलले नाही.

१ मे, गुरुवार

काही नाही. कारखान्याला सुट्टी. कपडे धुतले, वाळवले, घड्या केल्या. मुखरूभाऊंना न्यासानं कामावरून काढलं, असं पेपरात चार ओळीत आलं.

३ मे, शनिवार

आठ दिवस झाले, मला ठाऊक आहे आणि मी गप्प आहे. मशीनवर थैल्या निघतात, मी नंबर तपासते, गठ्ठे बांधते. प्रत्येक थैलीवर लपलेला तो शब्द. मीच हट्टानं मराठीत करून घेतला होता, सगळ्यांना वाचता यावा म्हणून. वाचला ना सगळ्यांनी.

पोचूचा फोन आला होता. दुर्गानं घराबाहेर पडणं सोडलं म्हणे. नळावर बाया ऐकवतात. तिची आई नाही, लहानपणीच गेली. मुखरूभाऊंनीच वाढवली. रोज सायकलवर डबल बसवून शाळेत सोडायचे.

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल जाऊ दे. एकच विचारलं तिनं.

"त्या तपासणीच्या कागदावर सही कोणाची हाय?"

"माही."

"मंग?"

ताट घेऊन उठली, मोरीत गेली.

५ मे, सोमवार

अर्ज लिहिला. दोन पानं. उन्हात ठेवलेल्या दोन्ही थैल्या जोडल्या. ‘सदर पट्टीवरील अक्षरे उष्णतेने आपोआप उमटतात. तपासणी अपुरी होती. ती मी केली होती.’ हे शेवटचं वाक्य लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला.

आधी खुशालभाऊंच्या टेबलावर एक प्रत ठेवली. त्यांनी वाचली. चिडले नाहीत. "दोन दिवस थांबली असती तं," एवढंच म्हणाले. मग मी पोलिसांत आणि न्यासाच्या कार्यालयात जाऊन दिला.

९ मे, शुक्रवार

न्यासानं तक्रार मागं घेतली. प्रश्नपत्रिका बाहेर कुठं गेल्याचं कोणालाच सापडलं नव्हतं, आता थैलीचाही पुरावा उरला नाही. मुखरूभाऊ सुटले. पोचूनं कळवलं, "चालत गेले बाई घरी. गाडीत बसा म्हटलं तं बसले नाई."

मी मोरीत जाऊन रडले. किती दिवसांनी.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. विहारात गेलो. खीर होती. अंजनाबाई दिसल्या, मी पुढं झाले, त्यांनी नातीचा हात धरला आणि दुसऱ्या रांगेत गेल्या.

२० मे, मंगळवार

पतसंस्थेनं सगळा माल परत पाठवला. बियाण्यावाल्यांनी तर आधीच दुसरीकडं ऑर्डर दिली होती. कारखाना बंद.

खुशालभाऊंनी प्रत्येकीला बोलावून हिशेब दिला. माझ्या वेळी म्हणाले, "तुह्यावर राग नाई. पण तुले पाह्यलं का त्रास होते. येत नको जाऊ." वीस वर्षं ज्यांना मोठा भाऊ मानलं, त्यांचं हे वाक्य. फाटकापर्यंत कशी आले आठवत नाही.

अंजनाबाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. आज बोलल्या. "एका अनोळखी माणसासाठी बारा जणींच्या पोटावर पाय दिला तू. तो खरा असन. आम्ही काय खोट्या होतो?"

मी म्हटलं, "त्याले तुरुंगात ठेवून आपण कशा जेवलो असतो?"

"जेवलो असतो," म्हणाल्या. "लोकं जेवतेतच."

२ जून, सोमवार

राजुऱ्याला एका छापखान्यात विचारून आले. "तुम्ही त्या थैलीवाल्या न?" असं म्हणाले. पुढं काही नाही.

८ जून, रविवार

फेरपरीक्षा झाली. प्रश्नपत्रिका कापडी पिशवीत गेल्या, लाखेचं सील लावून.

२४ जून, मंगळवार

दुर्गा पास झाली. पोचूनं फोटो पाठवला निकालाचा. साऱ्या केंद्रात पहिली! चंद्रपूरच्या वसतिगृहात जागा मिळाली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या हातून एक तरी काम नीट झालं. आईनं शिरा केला. मुखरूभाऊ मुलीला घेऊन रविवारी भेटायला येणार आहेत.

अंजनाबाई भाजीबाजारात कोथिंबीर विकायला बसतात. मी त्या रस्त्यानं जात नाही.

२९ जून, रविवार

आले होते दोघं. मुखरूभाऊंनी आंब्यांची पाटी आणली. आईनं चहा केला. ते माझ्याकडं बघतच नव्हते, सारखे जमिनीकडं. मला वाटलं, भारावलेत.

ते आंघोळीच्या दगडावर पाय धुवायला मागं गेले, तेव्हा दुर्गा माझ्याजवळ सरकली.

"ताई, तुमची थैली खोटी नाई बोलली. मी खोलली होती. गंजात भात शिजून राह्यला होता, त्याच्या वाफेवर कोपरा धरला. एकच गणित पाह्यलं. ते मले येतच होतं. मंग त्या कोपऱ्यात गडद अक्षरं दिसाले लागली, मी घाबरली, तशीच दाबून ठेवली. बाबा विहिरीवरून आला. त्यानं पाह्यलं. मले म्हणे, तू अभ्यास कर."