कोंडीरामची म्हैस मी विकायला काढली नव्हती

विश्रांतवाडी, पुणे

प्रिय यमुनास,

थोरल्या बहिणीचा जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? माझे जागेवर आहेत, वाकत नाहीत एवढंच. सून दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात सुख आहे. पत्र लिहिते कारण नातीने, आम्रपालीने, माझा फोन काढून घेतलाय (का ते कळेलच).

तुला ठाऊक आहे, मी सकाळी फिरायला जाते ती फोटो काढायला. लोक साखर उतरावी म्हणून चालतात, मी चालते कारण खंड्या पक्षी घरी येत नाही. नदीकाठी त्याचे सतरा फोटो काढले, सतराही फोटोंत नुसती फांदी. मार्केट यार्डात शेवंतीचे ढीग टिपले तर फुलवाला म्हणतो, "आजी, घ्यायची तर घ्या, नुसत्या बघण्यानं फुलं सुकतात." म्हटलं, तुझं तोंड दिवसभर बघतात, त्यानं सुकली असतील. पण माझा हात बसलाय तो गुरांवर. म्हैस हलत नाही, पोट आत घेत नाही आणि "मी जाड दिसते" म्हणून रुसत नाही. (सुनेचा एकदा काढला होता. तेव्हापासूनच तिचं बोलणं कमी झालं.)

मागच्या गल्लीत कोंडीराम गवळ्याचा गोठा आहे. त्याची चंद्री म्हैस गाभण आहे. दर महिन्याला मी तिचा बाजूने फोटो काढते, शिंगापासून शेपटीपर्यंत. परवाचा असा आला, अंगावर कोवळं ऊन, कास भरत आलेली, पाठीवर बगळा, की मी तो तुझ्या रोहनला पाठवला. फक्त रोहनला. आणि तासाभरात फोनवर फोन! दूध किती? वेत कितवं? दिवस किती राहिलेत? मला वाटलं, फोटो आवडला म्हणून माणसं आपुलकीने विचारतायत. मीही सांगितलं, बारा लिटर, तिसरं, आठवडाभर. एकाने विचारलं, मारकी आहे का? म्हटलं, तुझ्यापेक्षा गरीब. त्याने गोठ्याचा पत्ता मागितला, मी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिरूरकडचा माणूस टेम्पो आणि दावं घेऊन हजर. मी पोचेपर्यंत चंद्रीचं तोंड उघडून दात मोजत होता. तेवढ्यात कोंडीराम बादली घेऊन बाहेर आला.

"माझी म्हस इकायला काढलीस व्हय गं आज्जे? आन् मलाच पत्त्या न्हाई?"

मी म्हटलं, अरे, मी नुसता फोटो काढला. तर म्हणतो, "बाजूनं फोटो कोन काढतं? दलालच की!" यमुने, आयुष्यभर मी कष्टाचं खाल्लं, आणि शेवटी ही पदवी. गोठ्याच्या दारातसुद्धा पाय ठेवायचा नाही, असं त्याने गल्लीसमोर सांगितलं. चंद्री आता चार-पाच दिवसांत व्याईल. मी काही हळवी नाही, रेडकू ते रेडकू. पण जन्मलेलं रेडकू पहिल्यांदा उभं राहतं, धडपडतं आणि पुन्हा उभं राहतं, तो फोटो मला हवाय. सात महिने त्याच्यासाठी त्या शेणात उभी राहिलेय.

हे सगळं रोहनचं काम. जनावरांच्या बाजारात वावरून त्याला जे दिसेल ते विकाऊ वाटतं. लहानपणी त्याने माझी कोंबडी पाहुण्यांना देऊन टाकली होती, ते मी विसरलेले नाही.

तुझी,
सुंदरा

ता. क. रोहनला रविवारी पाठव. त्याने कोंडीरामसमोर कान धरून म्हणावं, "चूक माझी, मावशीची नाही."

ता. क. दुसरा. आम्रपालीने आत्ता फोन तपासला. फोटो रोहनला गेलाच नाही, मीच एका गटात टाकलाय. त्या गटात सगळे रोज गाई-म्हशींचे इतके छान फोटो टाकतात, मला वाटलं माझ्यासारखीच हौशी माणसं. तो खरेदी-विक्रीचा गट निघाला. पण त्यात मला घातलं कुणी? रोहननेच. तेव्हा रविवारचं ठरलं ते ठरलं. तरणा माणूस आहे, त्याला अपमान पचतो.

ता. क. तिसरा. तुला वाचता येत नाही, म्हणजे हे सगळं रोहनच वाचून दाखवतोय. बाळा, कोंबडीचं सोडून दिलं. रविवारी पहिलीच गाडी धर, चंद्री थांबायची नाही.