तिसऱ्या रविवारची पुकार

पप्पा, काल आपल्या नळदुर्गच्या चर्चमध्ये एका लग्नाची पुकार झाली. तीन रविवार वधूवरांची नावं वाचायची, कुणाची हरकत आहे का विचारायचं, रीत तुमच्या वेळचीच. तुमच्या जागी आता तरणा पाळक आहे. त्यानं तिसऱ्यांदा नावं वाचली आणि मी उठून बाहेर आले. माझी पुकार दोनदाच झाली होती. त्याला तीस वर्षं झाली, तुम्हाला जाऊनही अठरा झाली, तरी माझा राग निवलेला नाही.

सोलापूरला नर्सिंग शिकताना भेटलेला मुलगा परदेशचा आहे, बाप्तिस्मा झालेला आहे, एवढंच मी सांगितलं होतं. त्याचं इंग्रजी नाव वाचून तुम्ही त्याला परस्पर गोरा करून टाकलंत. पहिल्या रविवारी काय खणखणीत आवाज होता तुमचा! घरी येऊन आईला म्हणालात, "माझ्या आज्यानं सायबाच्या घोड्याला खरारा केला, आन् आता सायबच जावई व्हतोय बग!" तिसऱ्या रविवारी तो एस.टी.नं आला. केनियाचा, काळाभोर, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला. मागच्या सतरंजीवर बसला. तुम्ही त्याच्याकडं पाहिलंत, आमची नावं न वाचताच पुकारीच्या वहीचं पान उलटलंत आणि पुढच्या गीताचा आकडा सांगितलात. नंतर चुलीपाशी मला म्हणालात, "देवापुढं समदे सारखे, पोरी. पर नांदायचं हितं हाय. लोक काय म्हणतील?" हे बोलत कोण होतं? मिशनच्या गोऱ्या साहेबाची लेक आपल्यातल्या एका मास्तराशी लग्न करायला निघाली, तर तिला पहिल्या बोटीनं विलायतेला धाडलं, ही गोष्ट सांगताना तुमचे डोळे लाल व्हायचे. "बाप्तिस्मा देतेत, लेक देत न्हाईत," म्हणायचात. तुम्ही त्या साहेबाच्याही वरताण निघालात. त्याला निदान बोट लागली, तुमचं एका पानात भागलं.

तो दुपारच्याच गाडीनं परत गेला, कायमचा. स्टँडवर त्यानं एवढंच विचारलं, "तू त्यांना सांगितलं नव्हतंस?" मी म्हणाले, विसरले. हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवायला आणलं होतं, पण या शेवटच्या ओळी इथंच बसून लिहिते आहे आणि ते घरी घेऊन चालले आहे. कारण मी विसरले नव्हते, पप्पा. त्याचा फोटो माझ्या पर्समध्ये होता. तुम्ही 'सायब जावई' म्हणालात तेव्हा आई माझ्याकडं बघून हसली. मीही हसले होते.